मालिकेच्या सातत्यावर वाद कसा घालावा: ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांसाठी

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ पासून नव्याने उभी राहिली. एवढ्या काळात तिचे निर्माते बदलले, लेखक बदलले, नायकाचे काम करणारे नटही अनेकदा बदलले. तरीही ही सगळी गोष्ट एकाच व्यक्तीची, म्हणजे रूप पालटत राहणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासी काळप्रवाशाची आहे, हा तिचा दावा कायम राहिला. त्यामुळे आधी सांगितलेले नंतर मोडले गेले की चाहते भांडतात, आणि हे भांडण मला क्षुल्लक वाटत नाही. मागचे लक्षात ठेवून पुढच्याचा अर्थ लावणारा प्रेक्षक नसेल, तर दीर्घ मालिकेला दीर्घ असण्याचे काही कारणच उरत नाही.

मात्र हा वाद बहुतेक वेळा सुरुवातीलाच भरकटतो. ‘हे जुन्या भागाशी जुळत नाही’ असे एक जण म्हणतो, ‘पण तो भाग किती परिणामकारक होता’ असे दुसरा सांगतो, आणि आपण दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहोत हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. विसंगती खरोखर आहे का, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुराव्याने मिळते. त्या विसंगतीच्या बदल्यात कथेने काय कमावले आणि काय गमावले, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्यासाठी रसिकाचा निवाडा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असले, तरी दुसऱ्याचा निकाल त्यातून आपोआप लागत नाही. पुढची सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

पुरावा कोणता धरायचा

वादाला बसण्यापूर्वी कोणता मजकूर प्रमाण मानायचा, यावर दोन्ही बाजूंनी एकमत करून घ्यावे. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत हा निर्णय वरून झाला: एप्रिल २०१४ मध्ये आधीच्या बहुतेक कादंबऱ्या आणि कॉमिक्स ‘लेजंड्स’ या नावाखाली बाजूला काढण्यात आल्या. बीबीसीने ‘डॉक्टर हू’साठी अशी प्रमाणकथांची अधिकृत यादी काढलेली नाही. मालिका बंद असताना १९९१ पासून व्हर्जिन प्रकाशनाच्या कादंबऱ्यांनी ती गोष्ट पुढे चालवली, आणि १९९९ पासून बिग फिनिश ही कंपनी मालिकेतल्याच नटांना घेऊन श्राव्य नाटके काढते आहे. त्यांतले काय धरायचे? २०१३ च्या एका छोट्या भागात पॉल मॅकगॅनचा डॉक्टर मरणापूर्वी आपल्या सोबत्यांची नावे घेतो, आणि ती नावे या श्राव्य नाटकांतली आहेत. म्हणजे पडद्यावरची आणि पडद्याबाहेरची कथा यांच्यातली भिंत मालिकेनेच एकदा ओलांडली आहे.

मला यावर पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वापरलेली रीत सर्वांत सोयीची वाटते. हस्तलिखितांचा आधार ज्याला भक्कम, ते मुख्य संहितेत घेतले गेले. बाकीचे फेकून न देता पाठभेद म्हणून तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले गेले. आपणही दूरचित्रवाणीवर आलेले भाग मुख्य संहिता मानावेत, कादंबऱ्या आणि श्राव्य नाटके पाठभेद मानावीत, आणि पाठभेदाच्या आधारावर मुख्य संहितेला खोटे पाडू नये. हा नियम मान्य नसेल तर दुसरा ठरवावा. पण तो वादाच्या आधी ठरवावा, मध्येच आपल्या सोयीने बदलू नये.

त्यानंतर ज्या प्रसंगावर वाद आहे तो प्रसंग पुन्हा पाहावा, आणि आठवणीच्या भरवशावर बोलू नये. इथे या मालिकेची एक खास अडचण आहे. १९६० च्या दशकातल्या अनेक भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या, त्यामुळे काही भागांचा आज फक्त ध्वनी आणि काही छायाचित्रे उरली आहेत. १९६६ च्या ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग, ज्यात विल्यम हार्टनेलचा डॉक्टर पहिल्यांदा रूप पालटून पॅट्रिक ट्राउटन होतो, तो संपूर्ण उपलब्ध नाही, रूपांतराचा तेवढा तुकडा वाचला आहे. अशा भागांबद्दल बोलताना आपण प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो आहोत की वाचलेले, हे स्पष्ट करावे.

प्रत्येक नियम कोणत्या वर्षी कथेत आला, याचीही नोंद ठेवावी. १९६६ च्या त्या प्रसंगात ‘रीजनरेशन’ (रूपांतर) हा शब्द नाही; तो १९७४ मध्ये आला. डॉक्टर ‘टाइम लॉर्ड’ या काळप्रवासी जमातीतला आहे हे प्रेक्षकांना १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’मध्ये कळले, तोवर मालिका सुरू होऊन जवळजवळ सहा वर्षे झाली होती. जो नियम तेव्हा जन्मालाच आला नव्हता, तो जुन्या लेखकाने मोडला असा आरोप करणे अन्यायाचे आहे. जबाबदारी नेहमी नंतर लिहिणाऱ्याची असते, कारण आधीचे त्याच्यासमोर असते.

विसंगती मोजून पाहावी

चाहत्यांच्या वादात वारंवार येणारे एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण घाईने काढलेला निष्कर्ष कसा फसतो ते त्यात नीट दिसते. जानेवारी १९७६ मधल्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टर आणि मॉर्बियस हा गुन्हेगार टाइम लॉर्ड यांच्यात मनोबलाचे द्वंद्व होते. यंत्राच्या पडद्यावर टॉम बेकरच्या चेहऱ्यामागून जॉन पर्ट्वी, ट्राउटन आणि हार्टनेल असे मागचे चेहरे येतात, आणि ते तिथे थांबत नाहीत. हार्टनेलच्या मागे आणखी आठ अनोळखी चेहरे दिसतात. ते चेहरे निर्मितीच्या चमूतल्याच माणसांचे होते, आणि हार्टनेल हा पहिला डॉक्टर नव्हता असे सुचवण्याचा आपला हेतू होता हे निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांनी नंतर मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘द डेडली असॅसिन’ आले आणि त्यात टाइम लॉर्डला फक्त १२ वेळा रूप पालटता येते, म्हणजे एकूण १३ आयुष्ये मिळतात, असा नियम सांगितला गेला.

हे दोन प्रसंग एकमेकांना खोडतात, असे अनेक चाहते ठामपणे सांगतात. आता हिशेब करावा. आठ अनोळखी चेहरे आणि चार ओळखीचे मिळून १२ होतात. टॉम बेकर बारावा ठरला तरी १३ ची मर्यादा ओलांडली जात नाही. म्हणजे १९७६ च्या या दोन कथांमध्ये विसंगती नाही. त्यात नवल वाटण्याचेही कारण नाही, कारण मॉर्बियसची संहिता संपादक म्हणून नव्याने लिहून काढणारे रॉबर्ट होम्स यांनीच ‘द डेडली असॅसिन’ लिहिली होती.

विसंगती पुढे, १९८३ मध्ये उभी राहते. ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये पीटर डेव्हिसनचा, म्हणजे पडद्यावरचा पाचवा, डॉक्टर आपले चार वेळा रूपांतर झाल्याचे आणि आठ शिल्लक असल्याचे सांगतो. ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये पहिला डॉक्टर त्याला विचारतो की हे कितवे रूपांतर, आणि चौथे हे उत्तर ऐकून आता आपण पाच झालो असे म्हणतो. या दोन संवादांनंतर मॉर्बियसमधल्या आठ चेहऱ्यांना जागा उरत नाही. ते चेहरे मॉर्बियसचे स्वतःचे होते, असे काही चाहते मानू लागले. परंतु द्वंद्वाच्या त्या क्षणी हरतो आहे तो डॉक्टर आणि मागे लोटला जातो आहे तोही डॉक्टर, त्यामुळे प्रसंगाचा सरळ अर्थ तसा लागत नाही. या सगळ्या खटाटोपाचे फळ असे की आता आपल्याला नेमके बोट ठेवता येते: १९७६ मध्ये सुचवलेली गोष्ट १९८३ मध्ये न सांगता मागे घेतली गेली. ‘या मालिकेला काही धरबंधच नाही’ या विधानापेक्षा हे विधान कितीतरी उपयोगी आहे, कारण ते तपासता येते.

तपशील आणि नियम यांत फरक करावा

प्रत्येक विसंगतीचे वजन सारखे नसते. युनिट या लष्करी संघटनेच्या कथा कोणत्या साली घडतात, हा चाहत्यांचा जुना वाद आहे. १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये युनिटच्या कथांतली डॉक्टरची सोबतीण सारा जेन आपण १९८० सालची असल्याचे सांगते. ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये मात्र युनिटचा प्रमुख असलेला ब्रिगेडियर १९७७ मध्ये, निवृत्तीनंतर, एका शाळेत शिकवताना दिसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि त्यावर कोणतीही सफाई देता येत नाही. तरीही ब्रिगेडियरच्या निवृत्तीचे साल चार-पाच वर्षांनी पुढे ढकलले तर कथेत काय कोसळते? काहीच नाही. मालिकेनेही हे ओळखले: २००८ मध्ये डेव्हिड टेनंटचा डॉक्टर युनिटमधल्या दिवसांबद्दल बोलताना ते सत्तरचे दशक होते की ऐंशीचे, असे स्वतःशीच म्हणतो आणि पुढे जातो. हे मला पूर्ण समाधानकारक उत्तर वाटते.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. १९६४ च्या ‘द अ‍ॅझ्टेक्स’मध्ये बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका अ‍ॅझ्टेक लोकांची नरबळीची प्रथा थांबवू पाहते, आणि इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही असे डॉक्टर तिला कळवळून सांगतो. त्या कथेतले सगळे दुःख या नियमावर तोललेले आहे. पुढच्याच वर्षी ‘द टाइम मेडलर’मध्ये डॉक्टरच्याच जमातीचा एक जण १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचा निकाल बदलायला निघतो आणि डॉक्टर त्याला अडवण्यासाठी धडपडतो. बदल अशक्यच असेल तर ही धडपड कशासाठी? नियम असा सैल झाला की बार्बराच्या पराभवाचा अर्थही मागे जाऊन बदलतो: तिला इतिहास बदलता आला नाही की डॉक्टरने बदलू दिला नाही? ही विसंगती युनिटच्या सालांपेक्षा फार गंभीर आहे, कारण ती पात्राच्या निर्णयाला भिडते. २००८ च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पे’मध्ये काळातले काही क्षण अचल असतात आणि काही बदलू शकतात, असे सांगून हा प्रश्न बराचसा सावरला गेला, आणि २००९ च्या ‘द वॉटर्स ऑफ मार्स’मध्ये डॉक्टरने तोच नियम जाणूनबुजून मोडला व त्याची किंमत कथेने त्याच भागात वसूल केली. नियम मोडला तरी चालतो, पण कथेला तो मोडल्याचे भान असावे लागते, हे त्या भागावरून दाखवून देता येते.

यातून एक सोपी चाचणी मिळते. वादग्रस्त तपशील मनातल्या मनात बदलून पाहावा आणि जुना प्रसंग पुन्हा आठवावा. प्रसंग तसाच उभा राहिला तर तो मुद्दा गमतीचा आहे, त्यावर गप्पा माराव्यात, पण लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. प्रसंगातला जीवच गेला तर मुद्दा गंभीर आहे.

काळप्रवासाच्या कथेत एक उत्तर फार सहज हाताशी येते: ‘काळ बदलला, म्हणून जुने आता लागू नाही.’ हे उत्तर पडद्यावर दाखवले गेले असेल तरच स्वीकारावे. प्रेक्षकाने आपल्या पदरचे म्हणून ते दिले, तर त्याने कोणतीही विसंगती मिटवता येते, आणि म्हणूनच त्याने कोणतीही विशिष्ट विसंगती समजत नाही.

पूर्वपक्ष आधी मांडावा

आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडण्याची शिस्त आहे, आणि चाहत्यांच्या वादात तिची फार गरज आहे. ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या १ मार्च २०२० च्या भागावर ती लावून पाहू. क्रिस चिबनॉल यांनी लिहिलेल्या या भागात डॉक्टर (तेव्हा ही भूमिका जोडी व्हिटेकर करत होत्या) मुळात गॅलिफ्रे या टाइम लॉर्डांच्या ग्रहाची नव्हतीच असे उघड होते. टेक्टेऊन या संशोधक बाईला दुसऱ्या विश्वाच्या दारापाशी एक मूल सापडले. त्याच्यातली रूप पालटण्याची शक्ती तिने आपल्या लोकांना दिली आणि त्यातून टाइम लॉर्ड घडले. ते मूल म्हणजे डॉक्टर, आणि तिच्या त्या आयुष्यांची स्मृती पुसली गेली.

हा बदल ज्यांना आवडला त्यांचे म्हणणे असे मांडता येईल. मालिकेच्या नावातच प्रश्न आहे, आणि गॅलिफ्रे, तिथली विद्यालये, तिथले कायदे अशी माहिती साठत गेल्यावर तो प्रश्न विझत चालला होता. या भागाने तो पुन्हा पेटवला. मॉर्बियसमधले आठ चेहरे या भागात पुन्हा दिसतात आणि त्यांना अखेर जागा मिळते. स्वतःला काळाचे स्वामी म्हणवणाऱ्या समाजाचे वैभव एका परक्या मुलाच्या शरीरावर केलेल्या प्रयोगांतून आले, ही कल्पना त्या समाजाबद्दल मालिका पूर्वीपासून जे सांगत आली त्याच्याशी सुसंगतच आहे. दत्तक गेलेल्या आणि आपले मूळ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला या कथेत स्वतःचे काही सापडू शकते, हेही विसरू नये.

एवढे मांडून झाल्यावरच उत्तरपक्षाला उभे राहण्याचा अधिकार मिळतो. मूळ गृहीत असे होते की डॉक्टर हा आपल्या जमातीतला एक सामान्य माणूस होता. ‘द वॉर गेम्स’मध्ये तो पळून येण्याचे कारण सांगतो ते कंटाळा आल्याचे. त्याचे मोठेपण त्याने घेतलेल्या निर्णयांत होते, जन्मात नव्हते. आता तीच व्यक्ती साऱ्या जमातीचे मूळ ठरते, म्हणजे वेगळेपण जन्मानेच येते. शिवाय २०१३ च्या नाताळच्या भागात स्टीव्हन मॉफट यांनी रूपांतरांचा काटेकोर हिशेब मांडला होता: जॉन हर्टचा योद्धा डॉक्टर एक धरायचा, टेनंटच्या डॉक्टरने २००८ मध्ये चेहरा न बदलता वापरलेले रूपांतर एक धरायचे, आणि त्यामुळे मॅट स्मिथचा डॉक्टर तेरावा, अखेरचा. त्या भागातला ताण हे शेवटचे आयुष्य आहे यावरच उभा होता. मुळातच मर्यादा नसलेल्या मुलाची गोष्ट खरी असेल, तर ते म्हातारपण आणि ते मरणाला सामोरे जाणे यांचे काय करायचे, याचे उत्तर २०२० च्या भागात दिलेले नाही.

माझे मत विचाराल तर सालांचे आणि चेहऱ्यांचे आक्षेप इथे दुबळे आहेत, निर्णयाचा आक्षेप भक्कम आहे, आणि सर्वांत मोठा दोष सातत्याशी संबंधित नाहीच. हे सगळे रहस्य मास्टर हा डॉक्टरचा जुना शत्रू सांगतो आणि डॉक्टर अडकलेल्या अवस्थेत बराच वेळ ऐकत राहते. नायिकेला स्वतःच्या जन्माचा शोध स्वतः लावू न देणे ही कथनाची चूक आहे, आणि हाच आशय तिने धडपडून मिळवला असता तर त्याला झालेला विरोध बराच निवळला असता असे मला वाटते. कथनावरचा राग सातत्याच्या नावाने काढला की दोन्ही मुद्दे वाया जातात, म्हणून आपला राग नेमका कशावर आहे हे आधी स्वतःला विचारावे.

सर्वांना एकच माप

आपण लावलेले माप आपल्या आवडत्या काळालाही लावून पाहावे. जुलै २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांची निवड जाहीर झाली तेव्हा स्त्री डॉक्टर ही सातत्याशी प्रतारणा आहे, असे म्हटले गेले. पुरावा पाहिला तर २०११ च्या एका भागात डॉक्टर आपल्या कोर्सेअर नावाच्या मित्राच्या स्त्री-रूपांचा उल्लेख करतो, २०१४ मध्ये मास्टर हा मिसी म्हणून परत येतो, आणि २०१५ मध्ये गॅलिफ्रेचा एक सेनापती पडद्यावर पुरुषाचे रूप टाकून स्त्री होतो. सातत्याच्या कसोटीवर तो आक्षेप टिकत नाही. एखाद्याला तरीही तो बदल नको असेल, तर त्याने ते आपल्या पसंतीचे म्हणून सांगावे आणि त्याला सातत्याचा आधार देऊ नये. त्याच न्यायाने, १९९६ च्या दूरचित्रपटात डॉक्टर आईच्या बाजूने अर्धा मानव असल्याचे सांगितले गेले, आणि पुढच्या मालिकेने ते जवळजवळ सोडूनच दिले. २०२० च्या बदलावर चिडणाऱ्या किती जणांनी त्या सोडून देण्याबद्दल तक्रार केली, हेही विचारून पाहावे.

सातत्याच्या आहारी गेलेल्या कथेचाही हिशेब ठेवला पाहिजे. १९८५ ची ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’ सायबरमेन या यंत्रमानवासारख्या शत्रूंच्या १९६० च्या दशकातल्या कथांवर बेतलेली होती, आणि त्यांतली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ तेव्हा बीबीसीच्या संग्रहातही नव्हती. तिच्या फिती पुढे हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि ती १९९२ मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आली. जी कथा पुन्हा पाहण्याची सोयच नव्हती तिची आठवण प्रेक्षकाकडून गृहीत धरणे हा त्या लेखनाचा दोष आहे, मग तपशील कितीही अचूक जुळोत. नव्या प्रेक्षकाशी वाद घालतानाही हे लक्षात असू द्यावे. त्याने जुने भाग पाहिलेले नसतील तर त्याचे मत बाद होत नाही. त्याला आजचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहिलेला दिसला की नाही, ही साक्ष देण्यास तोच सर्वांत योग्य आहे.

न सुटलेल्या प्रश्नांचे काय करावे

काही प्रश्नांवर पुरावा अपुरा असतो आणि तिथे अंदाजाला अंदाज म्हणावे लागते. ३१ मे २०२५ च्या ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’च्या शेवटी शूटी गॅटवाच्या डॉक्टरचे रूपांतर होते आणि समोर पूर्वी रोझ या सोबतिणीची भूमिका केलेल्या बिली पायपर यांचा चेहरा येतो. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे, पण ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ हे शब्द नाहीत. २०१३ मध्ये जॉन हर्ट यांची ओळख करून देताना ते शब्द पडद्यावर होते. यावर वाद घालणाऱ्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: पडद्यावर दिसलेला चेहरा, श्रेयनामावलीतले गाळलेले शब्द, आणि या दोहोंतून आपण काढलेला तर्क. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या भागानंतरही तशाच राहतील. तिसरी बदलावी लागली तर तारीख घालून बदलावी आणि जुना तर्क खोडून न टाकता शेजारी राहू द्यावा, म्हणजे पुढे वाद घालणाऱ्याला आपण कोणत्या वेळी कोणत्या पुराव्यावर बोलत होतो हे कळेल.